आत्याच्या बाहुल्या

हावड्याहून मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर गोंदिया हे मोठे जंक्शन आहे. धानाच्या शेतांनी वेढलेल्या या गावी, स्थानकापासून फारशा दूर नसलेल्या एका कौलारू घरात, माझी आत्या राहते. लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही भावंडे तिच्याकडे जात असू. पिकलेले आंबे, तलावाकाठची भटकंती, रात्री अंगणात खाटांवर पडून ऐकलेल्या गाड्यांच्या शिट्या हे सारे मला आठवते. परंतु सर्वांत अधिक आठवते ते माजघराच्या भिंतीतील काचेचे कपाट. त्या कपाटात आत्याच्या बाहुल्या राहत असत. 'राहत असत' असेच म्हटले पाहिजे. 'ठेवल्या आहेत' असा शब्द आत्याच्या तोंडून त्यांच्याविषयी कधी निघाला नाही.

आतोबा रेल्वेत गार्ड होते. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात हिरवे-लाल निशाण घेऊन ते कधी नागपूरकडे, तर कधी डोंगरगड-दुर्गाकडे जात. वर्षातून एकदा पासावर लांबचा प्रवास घडे. परत येताना कोणी मिठाई आणील, कोणी कापड आणील. आतोबा बाहुली आणीत. कृष्णनगरजवळच्या घूर्णीच्या कुंभारांनी घडविलेली मातीची कोळीण त्यांनी कलकत्त्याहून आणली होती. तिच्या टोपलीतील मासे इतके हुबेहूब होते, की घरची मांजर एकदा काचेला नाक लावून बसली होती! आंध्रातील कोंडापल्लीची हलक्या लाकडाची बाहुली, म्हैसूरकडच्या चन्नपट्टणची लाखेच्या रंगाने चकाकणारी बाहुली, सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी जोडपे, बस्तरच्या कारागिरांनी मेणाच्या साच्यावरून ओतलेली पितळी आदिवासी स्त्री, आणि पाय नसलेली, लांब घागऱ्याची राजस्थानी कठपुतळी, अशी ती मंडळी दाटीवाटीने उभी असत. एका बाहुलीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी अशी एक रशियन बाहुलीही तेथे होती. ती रशियातून आली नव्हती, भिलाईतून आली होती. सोव्हिएत संघाच्या साह्याने तेथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि 1959 मध्ये त्याची पहिली झोतभट्टी पेटली. त्या काळी अनेक रशियन कुटुंबे भिलाईत राहत. त्यांतील एका बाईने मायदेशी परतताना आपले सामान विकले, त्यात ही बाहुली आतोबांना मिळाली.

कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात, एका कोपऱ्यात, चिंध्यांची एक बाहुली बसलेली असे. आत्याच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, जुन्या लुगड्याच्या काठातून ती शिवली होती. तिचे डोळे काळ्या दोऱ्याचे होते आणि एक डोळा दुसऱ्यापेक्षा थोडा वर होता. आत्या लग्न होऊन गोंदियास आली तेव्हा ही बाहुली तिच्या ट्रंकेतून आली. संग्रहाचा आरंभ तेथूनच झाला.

आम्हांस या बाहुल्यांना हात लावण्याची मुभा नव्हती. मात्र भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आळीतील मुली भुलाबाईची गाणी म्हणण्यास येत, खिरापत ओळखीत, त्या वेळी आत्या कपाट उघडून दोन-चार बाहुल्या भुलाबाईच्या भेटीला बाहेर बसवीत असे.

आतोबांना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. आत्याने ऐंशी ओलांडली आहे. भाऊबीजेला पूर्वी माझे वडील तिच्याकडे जात. आता मी जातो. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत ओवाळणी झाली, फराळ झाला आणि सगळे माजघरात बसलेले असताना आत्या एकाएकी म्हणाली, "माझ्यामागे यांचे काय?"

तिची नजर कपाटाकडे होती. क्षणभर कोणीच बोलले नाही.

थोरला मुलगा म्हणाला, "आई, तू असे अभद्र का बोलतेस? अजून पुष्कळ वर्षे आहेत."

"वर्षे मोजायला मी बसले नाही," आत्या म्हणाली. "मी बाहुल्या मोजल्या आहेत. एकशे सतरा आहेत. तुझे पुण्याचे घर दोन खोल्यांचे. ताईची रायपूरला बदली होत असते. धाकट्याला हे घर पाडून नवे बांधायचे आहे, तो बोलत नाही, पण मला ठाऊक आहे. मग या एकशे सतरा जणी जातील कुठे?"

मग ज्याला जे सुचेल ते त्याने सांगितले. मुलगी म्हणाली की सारख्या वाटण्या कराव्यात. धाकटा म्हणाला, जुन्या वस्तूंना हल्ली चांगली किंमत येते. त्यावर आत्या काही बोलली नाही, पण तिने चष्मा काढून पुसला; ही तिची न आवडल्याची खूण आहे. तिची नात त्या वेळी सहावीत होती. ती म्हणाली, "आजी, वाटणी केली तर कोळीण एकीकडे जाईल आणि तिचा कोळी दुसरीकडे."

आत्याला पडलेला प्रश्न काही जगात प्रथमच पडलेला नव्हता. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) या नावाचे गृहस्थ होऊन गेले. त्यांचा व्यवसाय चष्म्यांचा. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. सुमारे 1920 पासून त्यांनी घरोघरच्या जुन्या, लोकांना टाकाऊ वाटणाऱ्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. दिवे, अडकित्ते, दौती, फण्या, वाद्ये, कोरीव दरवाजे, खेळणी, जे जे सामान्य माणसाच्या हातून घडले व हाताळले गेले ते ते त्यांनी गोळा केले. त्यांचा मुलगा राजा हा बालपणीच वारला. आपल्या संग्रहाला त्यांनी त्याचेच नाव दिले. पुढे हा सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला, आणि आज 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' या नावाने तो पुण्यात पाहावयास मिळतो. ज्या वाड्यात ते स्वतः राहत, तेथेच हे संग्रहालय आहे. त्यांच्यामागे तो संग्रह फुटला नाही, कारण तो कोणा एकाच्या घराचा न राहता सर्वांचा झाला होता.

दुसरी गोष्ट प्रत्यक्ष बाहुल्यांचीच आहे. व्यंगचित्रकार शंकर (1902–1989) मुलांसाठी आंतरराष्ट्रीय चित्रकलास्पर्धा भरवीत असत. हंगेरीच्या राजदूतांनी त्या स्पर्धेत बक्षीस देण्यासाठी एक बाहुली पंडित नेहरूंच्या हाती दिली. शंकरांना ती इतकी आवडली, की ते जेथे जेथे प्रवासास जात तेथून बाहुल्या आणू लागले. काही शे बाहुल्या जमल्यावर त्या मुलांना दाखवाव्यात म्हणून त्यांनी गावोगाव प्रदर्शने भरविली. परंतु बांधणे आणि सोडणे, चढविणे आणि उतरविणे यांत बाहुल्या मोडू लागल्या. आपली ही अडचण त्यांनी इंदिरा गांधींच्या कानी घातली, तेव्हा या बाहुल्यांना कायमचे घरच का असू नये, असे त्यांनी सुचविले. 1965 च्या नोव्हेंबरात दिल्लीत ते घर उघडले. आज तेथे सहा हजारांहून अधिक बाहुल्या आहेत. शंकरांनी 1957 मध्ये मुलांच्या पुस्तकांसाठी जी संस्था स्थापन केली होती, तिच्याच इमारतीत हे संग्रहालय आहे. संग्रहालयाला जोडून एक कार्यशाळाही आहे. तेथे भारतातील निरनिराळ्या प्रांतांचे वेश घातलेल्या बाहुल्या तयार होतात, आणि परदेशांतून आलेल्या बाहुल्यांच्या बदल्यात त्या पाठविल्या जातात.

या दोन्ही गोष्टी मी आत्याला त्याच रात्री सांगितल्या. तिने लक्षपूर्वक ऐकल्या आणि विचारले, "केळकरांच्या सगळ्या वस्तू तिथे मांडलेल्या असतात का रे?"

मी खरे ते सांगितले. संग्रहात वीस हजारांवर वस्तू आहेत. एका वेळी मांडलेल्या असतात त्या सुमारे 2,500. उरलेल्या आत जपून ठेवलेल्या असतात.

"मग पेटीतच राहायचे तर माझी पेटी काय वाईट?" आत्या म्हणाली.

या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. उत्तर मिळाले ते पुढच्या उन्हाळ्यात, आणि तेही मला नव्हे, आत्याच्या नातीला.

आम्ही ठरविले होते की आधी प्रत्येक बाहुलीची नोंद करावी. ज्या वस्तूविषयी काहीच लिहिलेले नाही, तिचे कोणी काय करावे? आम्ही एक जाड वही घेतली. क्रमांक, बाहुली कशाची केली आहे, तिची उंची, ती कोठून व कोणत्या वर्षी आली, कोणी आणली, आणि आज तिची स्थिती कशी आहे, असे रकाने आखले. बाहुलीच्या अंगावर काही लिहावयाचे नाही, काही चिकटवावयाचे नाही. जुन्या धुतलेल्या सुती पट्टीवर पेन्सिलीने क्रमांक लिहून ती सैल बांधावयाची. शाई ओलाव्याने पसरते, पेन्सिल पसरत नाही. आत्या आरामखुर्चीत बसून सांगे, नात लिही आणि मी मोजपट्टी धरी.

दहा-बारा बाहुल्या झाल्या तोच आमच्या ध्यानात आले, की काचेतून सुखरूप दिसणाऱ्या या मंडळींत पुष्कळ जणी आजारी आहेत. भिंतीतील ते कपाट बाहेरच्या भिंतीचे होते. गोंदियाचा पावसाळा मुसळधार. कित्येक पावसाळे ती भिंत पाणी पीत आली होती. खालच्या कप्प्यातील मातीच्या बाहुल्यांचा रंग पोपडे धरून सुटत होता, आणि सहा जणींची माती बोट लावताच भुसभुशीत होऊन गळत होती. लोकरीच्या टोपड्याला कसर लागली होती. खिडकीच्या बाजूच्या बाहुल्यांची लुगडी उन्हाने विटून गेली होती. मागच्या बाजूने पाहिले म्हणजे मूळचा रंग किती गडद होता ते कळे. ज्या वर्तमानपत्रांवर आत्याने त्यांना हौसेने उभे केले होते, ती पिवळी पडून तुकडे होत होती आणि जेथे ती कपड्यांना टेकली होती तेथे कपड्यांवरही पिवळे डाग पडले होते. लाकडी व पितळी बाहुल्या मात्र बऱ्यापैकी होत्या. चन्नपट्टणची बाहुली तर कालच आल्यासारखी चकाकत होती. तिला उन्हापासून आणि उष्णतेपासून दूर ठेवले म्हणजे झाले, कारण लाख उष्णतेने मऊ पडते.

सर्वांत वाईट अवस्था दोन गोऱ्या, गुबगुबीत बाहुल्यांची होती. त्या सेल्युलॉइडच्या होत्या. सेल्युलॉइड हा पदार्थ कापसावर नत्राम्लाची प्रक्रिया करून व त्यात कापूर मिसळून करीत. आजच्या प्लास्टिकचा तो पूर्वज म्हणता येईल. तो दिसावयास सुंदर, पण कालांतराने आपोआप कुजतो. कुजताना त्यातून आम्लाची वाफ निघते आणि ती शेजारच्या धातूला व कापडाला खाते. शिवाय तो झटकन पेट घेतो. आत्या देवघरातील निरांजन फिरविताना त्या कपाटापर्यंत आणीत असे, हे आठवून माझ्या अंगावर काटा आला. त्या दोघींच्या शेजारी उभ्या असलेल्या बाहुलीच्या कमरपट्ट्यावरचे पितळ हिरवे पडले होते. "म्हणजे या दोघींनी आपल्या शेजारणीला आजारी केले!" नात म्हणाली. तिने लगेच त्या दोघींना उचलून पडवीत, सावलीत, वाऱ्यावर वेगळे बसविले.

त्या सुटीत आम्ही पुष्कळ शिकलो. मातीच्या रंगविलेल्या बाहुलीला ओले फडके लावू नये. मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झाडावी. कसर लागलेले कापड प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून काही आठवडे शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवले म्हणजे कीड मरते. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडावयाची नाही, आतील थंडी हळूहळू जाऊ द्यावयाची. डांबराच्या गोळ्या जुन्या प्लास्टिकला घातक असतात. टाचण्या गंजतात म्हणून त्या काढून टाकाव्यात. यांतील एकही गोष्ट अवघड नव्हती. आम्हांला ती आधी कोणी सांगितली नव्हती, इतकेच. कपाटातून सर्व बाहुल्या आतल्या, कोरड्या भिंतीजवळच्या फळीवर गेल्या.

काम चालू असताना एका दुपारी नात म्हणाली, "आजी, तुझी पेटी वाईट नाही. पण पेटीत कोण आजारी आहे हे पाहायला तिथे कोणी माणूस नेमलेला असतो. आपल्याकडे इतकी वर्षे कोणी पाहिलेच नाही."

आत्याने पुन्हा चष्मा काढला. पण या खेपेस पुसला नाही, नुसता हातात धरून बसली.

नोंदींचा रकाना भरताना आणखी एक गोष्ट घडली. काही बाहुल्यांविषयी आत्या तास तास बोले. कोंडापल्लीची बाहुली आणताना गाडी पुराच्या पाण्यामुळे दोन दिवस अडकली होती, आणि आतोबांनी ती डब्यात उशीखाली ठेवली होती. भिलाईच्या रशियन बाईने पैसे घेतले, पण जाताना बाहुलीची पापी घेतली. परंतु अशाही तीसएक बाहुल्या निघाल्या, की त्यांच्याविषयी आत्याला काहीच आठवेना. "ही… ही मंडईतली असावी," ती म्हणे. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते, तेथे दरवर्षी एखादी बाहुली मिळे. "की हिला ताईने आणले?" मग ती गप्प होई. आम्ही त्या रकान्यात 'माहीत नाही' असे लिहीत गेलो. आतोबा असते तर त्यांना आठवले असते. हे काम पंधरा वर्षे आधी करावयास हवे होते.

सुटी संपता संपता आम्ही वहीची प्रत आणि छायाचित्रे एका संग्रहालयाकडे पाठविली. उत्तर सौजन्याचे आले. ज्या बाहुल्यांचे गाव, काळ आणि कारागिरी यांची खात्री आहे, अशा 46 बाहुल्या घेण्यास ते तयार होते. दानपत्र मात्र बिनशर्त हवे. या नेहमी मांडून ठेवाव्यात, अमुक कपाटातच ठेवाव्यात, अशी अट चालणार नव्हती. आत्याने ते पत्र आठवडाभर उशाशी ठेवले. नंतर तिने मला बोलावून एकच विचारले, "कोळी आणि कोळीण दोघेही त्यांच्या यादीत आहेत ना?" दोघेही होते. तिने सही केली.

40 बाहुल्या जवळच्या एका खेड्यातील शाळेला गेल्या. तेथील मुख्याध्यापिकेने वर्गात काचेचे कपाट करून घेतले आहे; भूगोलाच्या तासाला मुले नकाशावर बोट ठेवतात आणि मग त्या गावची बाहुली पाहतात. काही मोडतील. आत्याला ते माहीत आहे, आणि तिने ते मनाशी ठरवूनच दिल्या आहेत. 22 बाहुल्या मुले, सुना, नातवंडे आणि शेजारच्या मुली यांनी आपापल्या आवडीने निवडून घेतल्या. मला पितळेची बस्तरची स्त्री मिळाली. लिहिताना ती माझ्या मेजावर उभी आहे.

राहिल्या त्या गळून पडणाऱ्या मातीच्या सहा आणि सेल्युलॉइडच्या दोन. त्यांचे काय करावे, याची मला मोठी चिंता होती. आत्याला ती नव्हती. "भुलाबाईला आपण महिनाभर जीव लावतो आणि कोजागिरी झाली की बोळवतोच ना?" ती म्हणाली. जपानात तर अशा निरोपासाठी विधीच आहे. जुन्या झालेल्या, मोडलेल्या बाहुल्या लोक मंदिरात नेऊन देतात. तेथे त्यांच्यासाठी प्रार्थना होते आणि मग त्यांना निरोप दिला जातो. तोक्योतील उएनो येथील एका मंदिरात दरवर्षी 25 सप्टेंबरला हा विधी होतो. हे ऐकून आत्याने "शहाणे लोक आहेत" असा शेरा दिला. मातीच्या सहाजणींची माती तिने परसातील तुळशीच्या बुडाशी घातली. सेल्युलॉइडच्या दोघींना अग्नी देता येत नव्हता, पाण्यात सोडणेही बरे नव्हते. त्यांचे झगे आणि छायाचित्रे वहीत ठेवून आम्ही त्यांची नीट विल्हेवाट लावली.

माती टिकतच नाही, असे मात्र नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. तेथे एका घराच्या जमिनीखाली झाकण असलेली मातीची पेटी सापडली. त्या पेटीपाशी स्त्रीमूर्ती आणि एक बैल मिळाला. त्या मूर्ती देवतेच्या असाव्यात, खेळण्यातल्या नव्हेत. पण त्या न भाजलेल्या, कच्च्या मातीच्या आहेत, आणि त्यांचे वय तीन हजार वर्षांहून अधिक आहे. हे मी सांगितले तेव्हा नातीने हिशेब केला: आतोबांनी आणलेली कोळीण अवघी पंचावन्न वर्षांची आहे.

46 आणि 40, 22 आणि 8; बेरीज केली तर 116 येते. वहीत क्रमांक 1 समोर आम्ही काही लिहिले नव्हते, कारण वरच्या कप्प्यातील चिंध्यांच्या बाहुलीला पट्टी बांधू देण्यास आत्या तयार नव्हती. संग्रहालयाला ती नको होती आणि शाळेला द्यावयाची नव्हती. मागच्या भाऊबीजेला मी गेलो तेव्हा काचेचे कपाट मोकळे होते व त्यात लोणच्याच्या बरण्या होत्या. अंगणात खाटेवर धाकट्याची चार वर्षांची मुलगी बसली होती. तिच्या कडेवर ती बाहुली होती, आणि एका हाताची शिवण उसवून आतल्या चिंध्या बाहेर आल्या होत्या.

"आत्या, अगं ही फाटली की!" मी म्हणालो.

"फाटेल नाही तर काय? खेळते आहे ती," आत्या म्हणाली, आणि सुई-दोरा आणण्यासाठी आत गेली.